झडती कुणाची?

पांढरकवड्याहून आदिलाबादकडे निघाले की पाटणबोरी मागे पडते, पैनगंगा ओलांडली जाते आणि राज्य बदलते. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्याबाहेर कापूस विकण्यास बंदी आली आणि सीमेवर कापसाच्या गाड्या अडवल्या जाऊ लागल्या. शेतकऱ्याला ती झडती जाचक वाटे. पण तिला एक मर्यादा होती. गाडीत कापूस असला तर कापूसच सापडे. शेजाऱ्याच्या घरातली पत्रे तीत सापडत नसत.

आज आपल्याकडची मुले शिकायला परदेशी जातात. त्यांच्या खिशातल्या मोबाईलमध्ये सारे घर असते. आईचे आजारपण, बापाचे कर्ज, मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला, की अटक केलेल्या माणसाचा मोबाईलही पोलिसांनी एरवी न्यायालयाच्या परवान्यावाचून तपासू नये. मात्र त्याच देशाच्या विमानतळावर सीमा-अधिकारी प्रवाशाचा मोबाईल अशा परवान्यावाचून उघडतात. म्हणजे आरोपीला जे संरक्षण, ते विद्यार्थ्याला नाही!

देशाच्या सुरक्षेसाठी तपासणी नको काय? हवी. पेटी उघडा, शस्त्र शोधा, सोने शोधा. परंतु मोबाईल उघडला की ज्यांनी सीमा ओलांडलीच नाही, त्यांचीही झडती होते. समजा, आपल्यातल्या एखादीने प्रकल्पासाठी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीची मुलाखत घेतली. त्या बाईने सावकाराचे नाव सांगितले आणि विनवले, “बाई, हे कुठं सांगू नको.” ते ध्वनिमुद्रण परक्या टेबलावर वाजले, तर त्या बाईची संमती कोणी घेतली?

केवळ परक्यांना नावे ठेवून भागणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तरीही २०२५ च्या आयकर कायद्याने झडतीच्या वेळी संगणकाचा सांकेतिक शब्द डावलून आत शिरण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला.

मित्रहो, मागणी साधी आहे. मोबाईल उघडायचा तर न्यायाधीशाचा लेखी हुकूम हवा. काय शोधायचे ते त्यात लिहिलेले असावे, आणि इतरांचे जे दिसेल त्याची नक्कल ठेवू नये. कापसाच्या गाडीला जी मर्यादा आपोआप लाभली होती, ती मोबाईलला कायद्यानेच घालून द्यावी लागेल.