ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पेट्रोल पंपावर हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, साधं की प्रीमियम?" आणि आमच्या ऑफिसातले निम्मे लोक (विशेषतः नवीन गाडीवाले) छाती फुगवून "प्रीमियम" म्हणतात. का रे बाबा? तर म्हणे "पिकअप मस्त मिळतो यार." माझं मत विचाराल तर हा पिकअप बहुतेक वेळा डोक्यात असतो, इंजिनात नाही.

आधी थोडं विज्ञान. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि आग लाटेसारखी शिस्तीत पसरत जाते. पण पसरताना ती पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला आणखी दाबते, आणखी तापवते. लाट पोचायच्या आधीच ते मिश्रण आपणहून पेटलं तर दाबाचे धक्के सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर टणटण ऐकू येते. हेच नॉकिंग. फार काळ चाललं तर पिस्टनची वाट लागते.

ऑक्टेन नंबर म्हणजे असं आपणहून न पेटण्याची सहनशक्ती. आयसो-ऑक्टेनला १०० मार्क, हेप्टेनला शून्य. ९१ चं पेट्रोल म्हणजे या दोघांच्या ९१ः९ मिश्रणाइतकं सोशिक पेट्रोल, बस. त्यात ऊर्जा किती आहे, हे त्या आकड्यात कुठेच नाही. (अमेरिकेत पंपावर ८७ वाचून हसू नका. तिथे मोजायची पद्धत वेगळी आहे, ते साधारण आपल्या ९१ च्याच जवळचं आहे.)

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कोणाला? ज्या इंजिनात मिश्रण जास्त दाबलं जातं त्याला. म्हणजे वरचा कॉम्प्रेशन रेशो किंवा टर्बो. जास्त दाबलं की त्याच इंधनातून जास्त काम निघतं, पण नॉकिंगचा धोकाही वाढतो. आपल्या भाषेत सांगायचं तर नॉकिंग हा बॉटलनेक आहे. बॉटलनेक तिथे नसेल तर सर्व्हरला कितीही रॅम लावा, ॲप्लिकेशन पळणार नाही. साध्या हॅचबॅकचं इंजिन ९१ वर नॉक करत नसेल तर १०० टाकून फरक पडत नाही. आणि करंजी घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रेटताना टणटण ऐकू आली तर प्रीमियम टाकण्याआधी गिअर खाली घ्या. फुकट आहे!

आजच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याला टणटण जाणवली की ईसीयू ठिणगीची वेळ थोडी मागे ढकलतो. इंजिन वाचतं, ताकद थोडी जाते.

आता खरा मुद्दा, आणि तो नगर जिल्ह्यातून जातो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय). आज सगळ्यांच्याच टाकीत एक जास्त ऑक्टेनचं द्रव्य आहे. इथेनॉल. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये देशभरात १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. सरकारने २०२५ मध्ये सांगितलं की यामुळे पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ वर गेला. खरं आहे. पण ऑक्टेन म्हणजे ऊर्जा नव्हे! एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. गणित सोपं आहे. पाचव्या हिश्श्यात एक तृतीयांश तूट, म्हणजे एकूण पंधरावा हिस्सा. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १४ वर येणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिलेली आहे.

वाढलेल्या ऑक्टेनचा फायदा घ्यायचा तर इंजिन त्यासाठी बांधलेलं हवं. कॉम्प्रेशन वाढवलेलं, ईसीयूचा नकाशा बदललेला. तशा नव्या गाड्यांत घट १-२ टक्क्यांवर येऊ शकते. जुन्या गाडीला मात्र ऑक्टेन मिळतो आणि वापरता येत नाही.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. ज्या प्रवरेच्या काठी १९५० मध्ये आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे इथेनॉलचं महत्त्व कोणाला समजावून सांगायला नको. साखर वर्षभर हळूहळू खपते, इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात आणि उसाचं बिल त्यातून निघतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, तेव्हा गावोगाव चिंता पसरली होती ती यामुळेच. पण ज्या घरातून ऊस जातो त्याच घरात जुनी मोटारसायकल उभी असते. एका खिशात आलेलं दुसऱ्यातून किती गेलं, याचा हिशोब त्या माणसाला कोणी दिला?

त्याच अहवालात म्हटलंय की कमी ऊर्जेची भरपाई म्हणून अशा इंधनाची किंमत कमी असावी. यावर सरकारचं उत्तर असं की इथेनॉलच आता महाग पडतं. मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये ठरला होता. मुद्दा चुकीचा नाही. पण पंपावरच्या किमतीत करही असतो, आणि तो कमी करणं कोणाच्या हातात आहे हे सांगायला नको. माणूस लिटर विकत घेतो, पण त्याला हवे असतात किलोमीटर.

निदान एवढं तरी करा. प्रत्येक पंपावर ऑक्टेन आणि इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहा आणि जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचा पर्याय ठेवा. सॉफ्टवेअरमध्येसुद्धा आपण जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना एका रात्रीत वाऱ्यावर सोडत नाही.

आणि तुम्ही? गाडीचं मॅन्युअल उघडा. बहुतेकांनी ते एकदाही उघडलेलं नसतं. त्यात कंपनीने मागितलेला ऑक्टेन लिहिलेला असतो. तेवढा टाका. उरलेल्या पैशांत टायरची हवा तपासून या आणि एक कटिंग घ्या.