पडदा फाटला तर काय, हे आधी सांगा

वरच्या दाढा पडून बरीच वर्षे झाली की तिथले हाड झिजते आणि गालामागची हवेची पोकळी, म्हणजे सायनस, खाली उतरते. मग कृत्रिम दाढेचा स्क्रू बसवायला हाडच उरत नाही. म्हणून हाडाला बाजूने छोटी खिडकी पाडतात, सायनसचा पडदा हळूच वर उचलतात आणि खाली हाडाची भुकटी भरतात. अमेरिकेतल्या हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत सुरू केली.

हा पडदा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, कित्येकदा त्याहूनही पातळ. शिकाऊ डॉक्टर कच्च्या अंड्यावर हात बसवतात: कवच काढायचे, आतला पापुद्रा शाबूत ठेवायचा. घरी करून बघा, मंडळी!

तेव्हा पडदा फाटला की डॉक्टर निष्काळजीच, असे म्हणणे बरोबर नाही. या शस्त्रक्रियेतली ती सर्वांत नेहमीची अडचण आहे. बारीक छिद्रावर कोलॅजनचे ठिगळ लावतात. कोणी रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या फायब्रिनची चकती ठेवतात. भगदाड मोठे असेल तर भुकटी सायनसमध्ये निसटून जंतुसंसर्ग होण्याची भीती. अशा वेळी शहाणा डॉक्टर हिरडी शिवून टाकतो आणि काही महिन्यांनी परत बोलावतो.

नागपुरात माझे तसेच झाले. थांबले, हे उत्तम केले. माझी तक्रार वेगळी आहे. असे होऊ शकते हे आधी कुणी सांगितलेच नाही, आणि सहीचा कागद इंग्रजीत. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर. मी पेन्शनर, पुन्हा जाईन. पण सिरोंच्याच्या एखाद्या नोकरदाराने रजा काढून, पैसे जमवून यायचे आणि रिकाम्या हिरडीने परतायचे, तर हे त्याला घरून निघण्यापूर्वी कळायला नको?

आपल्याकडे खर्ऱ्याचाही प्रश्न आहे. तंबाखूने जखम उशिरा भरते. शिवाय त्या दिवसांत जोराने थुंकायचे नाही, नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवायचे. दिवसभर पिचकाऱ्या मारणाऱ्याला नुसते "पथ्य पाळा" सांगून काय उपयोग? पथ्य कशासाठी, तेही सांगा.

पुढच्या खेपेला सही करण्यापूर्वी मी मराठी कागद मागणार आहे. नसेल तर तोंडी सांगा म्हणेन, माझी बसायची तयारी आहे.