घराबाहेरची वाट कोणाच्या हाती?

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगल उसळली तेव्हा ‘शाहूंच्या नगरीत हे कसे घडले?’ असा सवाल सर्वत्र झाला. त्याहून गैरसोयीचा सवाल मात्र फारसा कोणी विचारला नाही. २०२२-२३ मध्ये राज्यभर निघालेल्या हिंदू जनआक्रोश मोर्चांत स्त्रिया एवढ्या ठळकपणे का दिसल्या? मागणी होती ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याची, म्हणजे मुलीच्या निवडीवर पहारा बसविण्याची. आंतरजातीय विवाहाला शाहू महाराजांनी कायद्याचा आधार दिला, त्या भूमीतही आईला लेकीवरचा हा पहारा हवासा वाटतो.

स्त्री मुळात धर्मभोळी असते, हे यावरचे ठरलेले उत्तर. ते आळशी आहे आणि पुरुषीही आहे.

लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापली. वैधव्य आलेले, पदरी मुले. मुले शाखेत जात, तसे संघटनेत आपणही असावे असे त्यांना वाटले. संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. डॉ. हेडगेवारांनी स्वतंत्र संघटनेचा मार्ग सुचविला. ‘स्वयंसेवका’तला ‘स्वयं’ सेविकेपर्यंत पोहोचला नाही, हे खरे. तरीही व्यायाम, लाठी, सभेत बोलण्याचा सराव हे सारे तिला मिळाले, आणि तेही घरच्यांच्या संमतीने. सारी मेख या संमतीत आहे. ज्या श्रमाला बाजारात दर नाही आणि घरात मान नाही, त्या श्रमात दिवस घालविणाऱ्या बाईला जमातवाद धर्मरक्षकाची पदवी देतो, नवऱ्याशी भांडण न लावता उंबरठा ओलांडू देतो. तिच्या संतापाला तो शेजारच्या वस्तीचा पत्ता देतो. हुंडा आणि मारहाण मात्र उंबरठ्याच्या आतच राहतात. मुस्लिम समाजातील कर्मठ संघटनांची रीतही यापेक्षा वेगळी नाही.

हीच स्त्री दुसऱ्या हाकेलाही धावली होती. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनात हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या काही पोथ्या जाळून आल्या नव्हत्या. रॉकेल आणि तेलाच्या भावाने आल्या होत्या. कोल्हापुरात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांनी उभ्या केलेल्या टोलविरोधी लढ्यातही स्त्रिया होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे टोल गेला, आणि लढ्यात आलेल्या स्त्रियांना बांधून ठेवील असे नित्याचे काम पुरोगामी पक्षांनी उभे केले नाही. हळदीकुंकू, आरती, पारायण यांना सुट्टी नसते; आंदोलनाला असते.

शिवाय मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘आधी वर्गसंघर्ष’ असे सांगणारे महाभाग पक्षातही झाले आहेत. तालुका समितीची बैठक रात्री साडेआठला, म्हणजे नेमकी भाकरीच्या वेळी भरते, आणि एखादी आलीच तर चहा तिलाच करावा लागतो. ही वेळ बदलण्यासाठी कोणत्याही अधिवेशनाच्या ठरावाची गरज नाही.