डोंग्याला जीपीएस कशाला?

डोंगा एका जागी धरून ठेवणारी जीपीएस मोटर हा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट. मी कामठ्याचा, म्हणून तळ्यावरची चौकशी माझ्याकडे. तिथेच माझं मत फिरलं. 55 पौंड थ्रस्टची मोटर पूर्ण जोरात 50 अँपिअर खाते. 100 अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासही पुरत नाही. शिवाय तिचं पंचवीस-तीस किलो ओझं! एक ढिवर काका हसले, "काहून बाबू, बांबू काय वाईट आहे?" गाळात रोवला की डोंगा हलत नाही. जीपीएस काही मीटर चुकतंच. इटियाडोहच्या खोल पाण्यात बांबू टेकणार नाही, तिथे मोटरचा विचार जरूर व्हावा. पण कर्ज काढून तळ्यावर? मी तरी सांगणार नाही. सिनॉप्सिस बदलून दिलाय. सरांची सही बाकी आहे.