कोटेशनच्या खालच्या ओळी

भाड्यातले दोनशे रुपये सुटावेत म्हणून मार्केट यार्डात आडत्याशी तासभर हुज्जत घालणारा आपला माणूस नऊ-दहा लाखांची पिकअप घ्यायला शोरूममध्ये गेला की एकदम पाहुणा होतो. खुर्ची ओढून दिली जाते, चहा येतो, सेल्समन ‘शेठ’ म्हणतो. ऑन-रोड अमुक इतके, असा आकडा कागदावर आला की सगळी ताकद त्यातून पंधरा-वीस हजार पाडण्यात खर्ची पडते. ते पडतातही. वर सीट कव्हर, मॅट आणि पेढ्यांचा बॉक्स मिळतो. वर पाडलेले पैसे त्याच कागदाच्या खालच्या ओळींतून वसूल झाले, हे मात्र पहिला हप्ता कापला जाईपर्यंत ध्यानात येत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की ऑन-रोडच्या गोळाबेरीज आकड्यावर सौदा करणे आपण थांबवावे. कोटेशन फोडून मागावे, तेही शिक्का-सहीनिशी, आणि एकेका ओळीवर बोट ठेवून बोलावे. जो डीलर फोड द्यायला कां-कू करतो, त्याच्याकडे दुसरा चहा घेऊ नये.

वरून सुरुवात करू. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. योगायोगाने तो घटस्थापनेचा दिवस होता आणि शोरूममध्ये गर्दीही तशीच झाली. पूर्वी करासकट दहा लाखांना पडणारी गाडी, कंपनीने मूळ किंमत तीच ठेवली असेल तर, ९ लाख २१ हजार ८७५ ला पडायला हवी. हे ७८ हजार सरकारने सोडलेले आहेत. जुना भाव खोडून नवा लिहायचा आणि ‘एवढी सूट दिली’ म्हणायचे, हा प्रकार कुणी केला तर हसून सोडून द्यावा आणि सुटीची गोष्ट नव्या किमतीपासून सुरू करावी.

ही सूट दोन खिशांतून येते. एक कंपनीची त्या महिन्याची स्कीम आणि दुसरा डीलरचा स्वतःचा वाटा. दोन्ही वेगवेगळ्या विचारायच्या. स्कीम कंपनी देते, ती गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्यात डीलरचे काही जात नाही. तुमची घासाघीस त्याच्या वाट्यावर आहे. आणि जी सूट ठरेल ती बिलातच दिसली पाहिजे. बिलात दाखवलेली सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. ‘नंतर खात्यावर टाकतो’ किंवा ‘तेवढ्याच्या ॲक्सेसरीज घ्या’ म्हटले की पूर्ण किमतीवरचा कर तुमच्या माथी राहतो, आणि आठशेची ताडपत्री अडीच हजारांच्या भावाने पदरात पडते. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे आणि जे भाड्यावर स्वतः कर लावतात, त्यांना मालवाहू गाडीच्या करावर क्रेडिट मिळते. प्रवासी मोटारीसारखी त्यात आडकाठी नाही. त्यासाठी बिल फर्मच्या नावे आणि नंबरासह हवे. हे बुकिंगच्या दिवशीच सांगावे, डिलिव्हरीच्या दिवशी नव्हे. किंमत दहा लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस घेतला जातो, तो आयकर विवरणपत्रात परत धरता येतो. तो खर्च समजून विसरून जाऊ नका.

आता आरटीओची ओळ. इथे सगळ्यात जास्त धूळ उडवली जाते. साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा केला. त्यावर हुज्जत घालून काही हाती लागणार नाही, तो सगळ्यांना सारखा. पण कराखेरीज सरकारी शुल्क म्हणून जे असते ते फार थोडे: हलक्या मालवाहू गाडीची नोंदणी १००० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचे १५००, स्मार्ट कार्डाचे २०० आणि टपालखर्च. तीन हजारांच्या आतबाहेरचा मामला. कोटेशनवर मात्र ‘आरटीओ व इतर’ अशी एकच ओळ असते आणि तिच्यात कराच्या वर आठ-दहा हजार मुरलेले असतात. विचारले की उत्तर ठरलेले: ‘शेठ, एजंटचे असतात ना.’ असतील. मग ते तसे लिहून द्यावेत. कर आणि शुल्क ऑनलाइन भरले जाते, त्याची पावती निघते. पावतीप्रमाणे पैसे देऊ, एवढे एक वाक्य बोलले की ती ओळ बहुतेक ठिकाणी आपोआप आखडते.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची वेगळी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना ही प्लेट गाडीबरोबरच द्यायची असते आणि तिचा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला असतो. हँडलिंग, लॉजिस्टिक, डेपो, यार्ड अशा नावांनी येणाऱ्या ओळीचेही तसेच. गाडी स्वतःच्या दुकानात आणायचा खर्च दुकानदाराचा. आपण कधी शेतकऱ्याला भाड्याशिवाय ‘गाडी धुण्याचे’ वेगळे लावतो का?

विम्याची ओळ जाडजूड असते आणि गोंधळात टाकते. तिचे दोन भाग करा. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो २०२२ च्या अधिसूचनेने १६,०४९ रुपये आणि वर जीएसटी असा ठरला. त्यानंतर बदल झाला असला तरी तो सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू, कुठेही जा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो तिथे मात्र प्रत्येक विमा कंपनीचा दर वेगळा, आणि डीलरचे कमिशन तिथेच बसलेले. विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, अशी सक्ती डीलरला करता येत नाही, विमा नियामकाचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. आपल्या गावच्या एजंटाकडून त्याच गाडीचा दर आधी मागवून ठेवा आणि तो शोरूमच्या टेबलावर ठेवा. एकच काळजी घ्या. दोन्ही कागदांवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखी आहे ना, ते पाहा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात. ती गुपचूप खाली आणून हप्ता स्वस्त दाखवणे अगदी सोपे असते, आणि गाडी घाटात उलटली की त्या स्वस्ताईची किंमत कळते.

खरा पैसा जातो तो कर्जात, आणि तिथे आपण सर्वांत कमी बोलतो. ‘हप्ता किती बसेल?’ हा आपला आवडता प्रश्न. सेल्समनलाही तोच आवडतो, कारण मुदत सहा महिन्यांनी ताणली की कुठलाही हप्ता खिशात बसतो. एक हिशेब करून पाहा. ८ लाखांचे कर्ज, ४ वर्षे, ‘फक्त ८ टक्के फ्लॅट’. फ्लॅट म्हणजे पूर्ण मुदलावर चारही वर्षे व्याज, तुम्ही फेडत आलात तरी. व्याज झाले २ लाख ५६ हजार, हप्ता बसला २२ हजार. तोच हप्ता घटत्या शिल्लकीच्या हिशेबात बसवला तर दर १४ टक्क्यांच्या वर निघतो. शेजारच्या बँकेने ‘११ टक्के’ सांगितले म्हणून ज्याने तोंड फिरवले, त्याला तिथे हप्ता पडला असता २० हजार ६८० च्या आसपास. चार वर्षांत ६३ हजारांचा फरक. शोरूममध्ये पाडलेल्या पंधरा हजारांचे मोल आता ठरवा.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट देणे बंधनकारक केले आहे. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे सगळे धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, एका आकड्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर फक्त तो आकडा पाहायचा. सही करण्याआधी तो कागद हातात पडला पाहिजे. डीलरने सुचवलेल्या फायनान्सवाल्याकडून डीलरला पेआउट मिळतो, यात लपवण्यासारखे काही नाही, धंदा आहे. फक्त तो पेआउट शेवटी तुमच्याच व्याजातून निघतो, हे लक्षात ठेवून त्यातला हिस्सा सुटीत मागायला लाजू नये.

वेळेचा मुद्दा आपल्या लोकांना पटवणे अवघड, तरी लिहितो. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा या दिवशी डिलिव्हरीसाठी रांग असते. रांगेतल्या गिऱ्हाइकाला कोण सूट देतो? डीलरने गोडाऊनमधली गाडी बँकेच्या पैशांवर उचललेली असते आणि तिचे व्याज रोज चढत असते. ते त्याला टोचते महिनाअखेरीला, मार्चअखेरीला आणि पितृपंधरवड्यात, जेव्हा शोरूममध्ये माशा मारायची वेळ येते. पितरांना पिकअपचा राग असल्याचे निदान आमच्या तरी ऐकिवात नाही. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी पंधरवड्यात भाव आणि कागद पक्के करावेत, गाडी दसऱ्याला घरी आणावी.

स्टॉकमध्ये उभी असलेली गाडी घेताना ती कधी बनली ते मात्र विचारा. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावे लागते. जानेवारीत घेतलेली गाडी आदल्या वर्षाच्या मध्यावर बनलेली निघाली तर विकताना ती एक वर्ष जुनीच धरली जाते. घ्यायला हरकत नाही, पण मग भाव तसा पाहिजे.

‘आणखी पन्नास हजार टाका, मोठे मॉडेल घ्या’ हाही आग्रह होतो. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही मॉडेलांचे वजन त्या रेषेच्या जरा आत ठेवलेले दिसते ते उगाच नाही. दूध, भाजी, कुरिअर वाहणाऱ्याने रेषा ओलांडण्याआधी त्या जादा पाचशे किलोंचे भाडे कोण देणार आहे, ते मोजावे.

जुनी गाडी बदलून देताना दोन सौदे एकत्र करू नका. नवीचा भाव कागदावर आला की मगच जुनीचा विषय काढायचा, आणि त्याआधी बाहेरच्या दोन दलालांना ती दाखवून आणायची. एक्सचेंज बोनस तीस हजारांचा आणि जुन्या गाडीचा भाव पन्नास हजारांनी कमी, हे गणित आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडले आहे.

शेवटचे हत्यार जवळच पडलेले आहे आणि आपण ते वापरत नाही. दुसऱ्या कंपनीची गाडी घेईन, या धमकीने सेल्समन फारसा हलत नाही. तुम्हाला कोणती गाडी हवी ते त्याने तुमच्या डोळ्यांत वाचलेले असते. त्याच कंपनीच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरचे फोडलेले कोटेशन दाखवा, मग तो उठून मॅनेजरच्या केबिनकडे जातो की नाही पाहा. राज्यात कर एकच, वॉरंटी कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते. साताऱ्याच्या माणसाला सांगलीचे कोटेशन आणायला एसटीचे तिकीट आणि एक दिवस लागतो. आणि एका गावातल्या, एका दूध संस्थेच्या रूटवरच्या तिघा-चौघांनी मिळून एकाच महिन्यात गाड्या घ्यायच्या ठरवल्या तर बोलणी थेट मॅनेजरशी होतात. तिथे भावाबरोबर पहिल्या दोन सर्व्हिसची मजुरी, फाळक्याची उंची, जाळी यांचेही बोलता येते.

सेल्समनशी मात्र अरेरावी नको. त्याच्या डोक्यावर टार्गेट असते, पगार तुटपुंजा असतो, आणि पुढे गाडी वर्कशॉपला अडकली की तोच फोन उचलतो. घासाघीस कागदाशी करावी.

पुढच्या अंकापासून वाचकांनी पाठवलेली कोटेशने आम्ही ओळीओळीने तपासून छापणार आहोत. गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी पिकअप घेतली त्यांनी कोटेशन, अंतिम बिल आणि कराची पावती यांच्या प्रती पाठवाव्यात. नाव, नंबर आणि डीलरचे नाव झाकूनच छापू. ज्यांना चांगला भाव मिळाला त्यांनी तर आवर्जून पाठवा.