रान साफ करावे, माती नव्हे



पावसाळा सरला, भात घरात आले, की आपल्या इब्रामपूरच्या शेतकऱ्याचे लक्ष काजूच्या बागेकडे वळते. बोंडू गळू लागण्याआधी बागेची बेणणी झाली नाही, तर गवतात आणि रानमोडीत पडलेली बी सापडत नाही, आणि हाती येणारे पीक वाया जाते. पूर्वी या कामाला घरची चार-पाच माणसे कोयते घेऊन निघत. आज मुले नोकरीला गेली, मजूर वेळेवर मिळत नाही, आणि साठी उलटलेले आईबाप एकटेच बागेत राबताना दिसतात. म्हणून अलीकडे काही कुटुंबे विचारू लागली आहेत की, ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचा लोखंडी पंजा, ज्याला ग्रॅपल म्हणतात, तो आपण घ्यावा काय?

माझे मत थोडक्यात असे: पंजा जरूर घ्यावा, परंतु एकट्याने घेऊ नये. वापरावा, परंतु डोंगराच्या उतारावर नेऊ नये. आणि त्याच्याकडून उचलण्याचे काम घ्यावे, खरवडण्याचे नव्हे.

आज आपण काय करतो?

मजूर नसले की आपल्यापुढे दोन सोपे मार्ग असतात. पहिला आगपेटीचा. गवत पेटवले की एका दुपारी बाग मोकळी होते. पण ती आग गडग्यापाशी थांबत नाही. २०२३ च्या मार्च महिन्यात गोव्याचे डोंगर कसे पेटले होते, आणि म्हादई अभयारण्यातील वणवा विझवण्यासाठी नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे कशी पाणी घेऊन फिरत होती, हे आपण विसरलेलो नाही. आपल्या हातची ठिणगी शेजाऱ्याच्या बागेत गेली, तर त्याचे दहा-पंधरा वर्षांचे कष्ट एका तासात जळतात. शिवाय पातेरा जळला की मातीचे अन्नही जळते.

दुसरा मार्ग जेसीबीचा. बकेटने सारे खरवडून एका कोपऱ्यात लोटले की जमीन अंगणासारखी स्वच्छ दिसते. डोळ्यांना ते बरे वाटते, पण जमिनीला ते परवडत नाही. आपला डोंगर जांभ्या दगडाचा. त्यावर चांगल्या मातीचा थर पातळ असतो. काजूचे सोटमूळ खोल जात असले, तरी अन्न घेणारी बारीक मुळे वरच्याच थरात पसरलेली असतात. हा थर बकेटने निघाला की मुळे उघडी पडतात, आणि उरलेली माती जूनच्या पहिल्या सरींबरोबर ओहोळात जाते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उघड्या मातीला तो कसा सोडणार?

पंजा निवडताना

बकेटचा तळ बंद असतो. फांद्यांबरोबर ती मातीही भरून नेते. पंज्याचा तळ दातांचा असतो. काटक्या, फांद्या, ओंडके अडकून राहतात आणि माती दातांमधून खाली पडते. म्हणून बागेसाठी उघड्या दातांचा पंजाच पाहावा. वरचा जबडा एकसंध असण्यापेक्षा दोन स्वतंत्र भागांचा असेल तर अधिक चांगले, कारण एका बाजूला जाड ओंडका आणि दुसऱ्या बाजूला बारीक झाडोरा आला, तरी दोन्ही घट्ट धरले जातात.

विकणारा सांगेल की हा लोडर ७०० किलो उचलतो. तेव्हा त्याला विचारावे, पंज्याचे स्वतःचे वजन किती? समजा ते २५० किलो आहे, तर आपल्या कामाला उरले ४५०. चाळीस सेंटिमीटर जाडीचा आणि तीन मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे ३५० किलो भरतो. म्हणजे एका वेळी एकच ओंडका उचलायचा. तसेच वजन जितके पुढे आणि जितके उंच, तितकी ट्रॅक्टरची ताकद कमी पडते. म्हणून मोठ्यात मोठा पंजा घेण्याचा मोह टाळावा. आपल्या ट्रॅक्टरला शोभेल असा हलका पंजा जास्त काम करतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. जबडा उघडण्या-मिटण्यासाठी हायड्रॉलिकची वेगळी जोडणी आणि दोन जादा नळ्या लागतात. साध्या लोडरला त्या नसतात. त्यांचा खर्च किमतीत धरलेला आहे का, हे पैसे देण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

वापरताना

पंजा फांद्या कापत नाही. आधी कोयत्याने किंवा गवत कापण्याच्या यंत्राने रान कापावे. रानमोडी आणि घाणेरी जमिनीलगत कापावी, तिरकस टोकदार खुंट ठेवू नयेत, कारण तेच टायरात शिरतात. कापलेल्या फांद्यांचे बुडखे एकाच दिशेला ठेवून लहान ढीग करावेत. मग पंज्याचे दात जमिनीपासून चार बोटे वर ठेवून ढिगाखाली घालावेत, जबडा मिटावा आणि मगच उचलावे. दात मातीत रुतू लागले की समजावे, आपण सफाई करत नसून नांगरत आहोत.

चालवणाऱ्याने पुढील नियम पाळावेत:

१. पुढे ओझे असताना ट्रॅक्टरच्या मागे पुरेसे वजन बांधलेले असावे. नाहीतर मागची चाके हलकी होतात आणि ब्रेकचा भरवसा राहत नाही.

२. ओझे गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चालावे. उंच उचललेला ओंडका लोडरच्या दांड्यांवरून घरंगळत चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

३. उचललेल्या पंज्याखाली कोणीही जाऊ नये. मडगार्डवर मुलांना बसवून फिरवण्याची हौस तर अजिबात नको.

४. नळीतून तेल गळते का, हे हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीत सुईसारखे घुसते. पुठ्ठा धरून पाहावे.

५. वीजवाहिनीखाली पंजा उंच करू नये.

उताराविषयी मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या बऱ्याच काजूबागा चढावर आहेत, आणि जुन्या बागांत झाडे ओळीतही नाहीत. तेथे ट्रॅक्टर आडवा चालवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट नसते. पुढे ओझे घेतलेला ट्रॅक्टर उतारावर क्षणात कलंडतो. म्हणून चढावर कोयता आणि गवत कापण्याचे यंत्रच ठीक. तेथला पाला खाली आणूच नये. उताराला आडव्या ओळी करून झाडांच्या खालच्या बाजूला रचावा. तो पाण्याला अडवतो, माती धरून ठेवतो आणि दोन पावसांत खत होतो. पंज्याचे काम सपाट भाटात, रस्त्याच्या कडेला आणि खालच्या मळ्यात.

वादळ आणि पूर

खालच्या मळ्यात या यंत्राची खरी गरज का आहे, ते गेल्या काही वर्षांत दिसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारीचे पाणी चढले आणि नदीकाठच्या बागायती बुडाल्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने गोवाभर झाडे आडवी केली, आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरले की मागे राहतात ते ओंडके, बांबूची जाळी, केळीची खोडे आणि चिखल. हे हाताने उपसायला आठवडे लागतात. पंजा ते दिवसांत करतो. मात्र चिखल वाळल्याशिवाय यंत्र मळ्यात घालू नये, आणि नदीच्या काठापासून लांब ठेवावे, कारण पाण्याने पोखरलेला काठ वरून धड दिसतो. दर वर्षी मे संपण्याआधी ओहोळाच्या मोऱ्या आणि साकवांखाली अडकलेली लाकडे काढून टाकली, तर पुराचे पाणी तुंबण्याचे एक कारण तरी कमी होईल.

आरोग्याची बाजू

ढिगात हात घालणे हेच आपल्या कामातले मोठे संकट. फुरसे आणि घोणस पातेऱ्यात दडून असतात. गोचिडीही तेथेच. त्यांच्या चाव्याने होणारा माकडताप १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ साली तो सत्तरीतील पाली गावात आला, आणि २०१६ साली आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात. त्याचा काळ डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. पंज्याने ढीग उचलला तर हात वाचतात, हा मोठा लाभ आहे. तरीही पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत, पातेऱ्यावर बसू नये, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी आणि अंग तपासावे. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर गोळी घेऊन घरी न बसता डॉक्टरकडे जावे आणि आपण बागेत काम करतो हे सांगावे. पुराच्या चिखलात काम केल्यावर ताप आला तरी हेच करावे, कारण उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टो तेथे असतो.

एकट्याने का नको?

अर्ध्या-एक हेक्टरच्या बागेत पंज्याचे काम वर्षाला फार तर चार दिवस. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस तो गंजत पडणार आणि कर्जाचे व्याज मात्र रोज चढणार. आठ-दहा कुटुंबांनी मिळून एक घेतला, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याला तासाचे भाडे ठरवून दिले, आणि चालवायला एकच शिकलेला माणूस ठेवला, तर सर्वांचे काम नाताळापूर्वी उरकते. विधवा आणि वृद्ध यांची बाग आधी घ्यावी, ही अट मी माझ्यातर्फे घालीन. घेण्याआधी कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जावे आणि हे अवजार अनुदानाच्या यादीत बसते का, ते विचारावे. खरेदी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

बंधुभगिनींनो, यंत्र वाईट नसते आणि चांगलेही नसते. ज्या जमिनीने आपल्या आजोबांना पोसले, ती नातवंडांनाही पोसायची आहे. बाग अंगणासारखी गुळगुळीत दिसली नाही तरी चालेल. बी वेचता आली, माती जागेवर राहिली आणि चालक संध्याकाळी सुखरूप घरी आला, म्हणजे सफाई चांगली झाली असे समजावे.