थर्माकोल पुरे. पोरांच्या हातात करवत द्या.

परवा आमच्या ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती. मुलांसाठी लाकूडकामाची कार्यशाळा. रविवारी चार तास, एसी हॉल, सगळी हत्यारं आयोजकांची, आणि मुलाने स्वतः केलेलं चिमण्यांचं घर शेवटी घरी न्यायचं. फीचा आकडा वाचला आणि फोन खाली ठेवला.

योगायोग असा, की त्याच दिवशी घरी दाराची चौकट बघायला मिस्त्री आले होते. चहा पिताना सहज विचारलं, "काय हो, मुलगा येतो का हाताखाली?" ते म्हणाले, "नाही दादा. त्याला हत्याराला हातच लावू देत नाही मी. शिकतोय तो."

आता बघा गंमत. ज्याच्या घरात रंधा आहे त्याच्या पोराला रंध्यापासून लांब ठेवणं म्हणजे शिक्षण. ज्याच्या घरात रंधा कधी आलाच नाही त्याच्या पोराला पैसे भरून रंधा धरायला पाठवणं, तेही शिक्षण. आणि या दोघांच्या मधे आपल्या महापालिका शाळेतली पोरं. त्यांना फी परवडत नाही, आणि शाळेत हत्यार नाही.

मिस्त्रींचं मला अजिबात चुकीचं वाटत नाही. "अभ्यास कर, नाहीतर सुतारकी करावी लागेल" हे वाक्य आपणच घराघरांत वापरतो. बारा बलुतेदारांत सुतार होता, गावाचं त्याच्यावाचून अडायचं, पण मान किती मिळायचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. हातात हत्यार घेणारा खालचा आणि कागद हलवणारा वरचा, हे जातीनेच आपल्याला शिकवलं. मग बाप पोराला त्यातून बाहेर काढणारच.

पण ही गोष्ट माझगावात घडते याची मला लाज वाटते. अहो, आपला भाग उभाच लाकडावर राहिलाय! इथून चालत जा रे रोडला, लाकडाच्या वखारी लागतात. दारूखान्यात तर एका बंदराचं नावच लकडी बंदर आहे. म्हातारपाखाडीतल्या जुन्या घरांचे लाकडी जिने आणि सज्जे बघायला बाहेरून लोक कॅमेरे घेऊन येतात. आपल्या जुन्या चाळींचे खांब, कठडे, जिने सगळे सागाचे. चाळ पाडली की ते सागवान ट्रकमधून जातं, कुठल्या तरी महागड्या हॉटेलात टेबल होऊन बसतं, आणि आपण म्हणतो जुनं लाकूड गेलं एकदाचं.

इतिहास हवा असेल तर तोही घ्या. 1736 मध्ये लवजी नुसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले ते जहाजं बांधणारे सुतार म्हणून. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं सागवानी जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी आपल्या माझगावचे. पोरवयातच गोदीत कामाला लागले. 1834 मध्ये त्यांनी माझगावच्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले, आणि 1841 मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. असा मान मिळवणारे पहिले भारतीय. हा माणूस हत्यार हातात धरून विज्ञानाकडे पोचला. आणि आपण पोरांना सांगतो, हत्यार ठेव खाली आणि विज्ञान पाठ कर.

शाळेत 'कार्यानुभव' नावाचा विषय आहे ना, असं कुणीतरी म्हणेलच. आहे की. प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणीही येते. 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला तेव्हा मुलांनी खरं, उपयोगाचं काम करावं हा हेतू होता. त्याआधी 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. आज त्यातलं काय उरलंय? आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, कार्डबोर्डचा पेनस्टँड आणि आदल्या रात्री अकरा वाजता स्टेशनरीवाल्याचं शटर ठोठावून आणलेलं थर्माकोल. प्रोजेक्ट करते आई आणि श्रेणी मिळते मुलाला. खोटं असेल तर सांगा.

नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे 2020 च्या, स्पष्ट लिहिलंय की सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, मातीकाम अशा कामांचा प्रत्यक्ष हात लावून अनुभव मिळावा. दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे जाऊन. सुतार हा शब्द त्यात नावानिशी आहे. आता आपल्या घरातल्या सहावी-सातवीच्या पोराला विचारा, त्या दहा दिवसांत कुठल्या सुताराकडे गेला होतास?

या मागणीवर तीन आक्षेप येतात. तिन्हींना उत्तर देतो.

पहिला: "मुलांना लागलं तर?" लागेल की. सायकल शिकताना लागत नाही? पण नीट केलं तर फार लागत नाही. विजेचं एकही यंत्र नको, फक्त हातहत्यारं. एका वेळी आठ-दहाच मुलं, दोघांत एक बाक. लाकूड नेहमी शिकंज्यात घट्ट, हातात धरून कापायचं नाही. पायात बूट, केस बांधलेले, ओढणी बाजूला. पहिल्या दिवशी फक्त गुण्या, पट्टी आणि पेन्सिल. मग पॉलिश पेपर, मग करवत. पटाशी सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही हात धारेच्या मागे. बोथट हत्यार जास्त धोक्याचं असतं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोरात ते सटकतं. ही गोष्ट कुठलाही मिस्त्री पहिल्या दिवशी सांगतो, आणि आपण मात्र मुलांना मुद्दाम बोथट कात्र्या देतो.

दुसरा: "याने मार्कांत काय फरक पडणार?" सव्वा फुटाच्या फळीचे तीन सारखे तुकडे करायला सांगा. पाच-पाच इंच, सोपं. पण दोन वेळा करवत चालली की तिच्या पात्याच्या जाडीएवढं लाकूड दोनदा भुशात जातं, आणि शेवटचा तुकडा आखूड येतो. का आला, हे मुलगी स्वतः शोधते तेव्हा ती अपूर्णांकही शिकते आणि चूक पचवायलाही. वहीतली चूक खोडरबराने पुसता येते, फळीवरची नाही. फिनलंडने 1866 सालीच हस्तकाम शाळेत सक्तीचं केलं. ते काय सगळ्यांना सुतार करायला?

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो मी मनापासून मानतो: "गरिबांच्या पोरांना परत बापाच्या धंद्यात ढकलताय." अगदी बरोबर भीती आहे. 1953 मध्ये मद्रासला राजाजींनी असंच केलं होतं. शाळेचे तास कमी, उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला कुळाचं शिक्षण म्हटलं, प्रचंड विरोध केला आणि 1954 मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. गुंडाळली ते उत्तमच झालं. म्हणून माझी अट एकच आहे: सगळ्यांनी करायचं. महापालिका शाळेतल्या पोराने करायचं आणि आयसीएसईच्या पोरानेही. मुलींनी करायचं. डॉक्टरच्या मुलाने भुसा झाडायचा आणि मिस्त्रीच्या मुलाने इंग्रजी पुस्तक वाचायचं, दोघांनी दोन्ही करायचं. काम ठरावीक घरच्या पोरांच्याच वाट्याला आलं की ती जात होते. सगळ्यांच्या वाट्याला आलं तरच ते शिक्षण.

मागणी फार मोठी नाही. पट घटल्यामुळे महापालिका शाळांत वर्ग रिकामे पडलेत. ई विभागात अशा एका वर्गाची कार्यशाळा करा, आजूबाजूच्या शाळांनी वार वाटून घ्या. बाक, शिकंजे, करवती, हातोड्या, गुण्ये. डिजिटल फळ्यांवर खर्च करता, त्यापुढे हा खर्च काहीच नाही. लाकूड पॅकिंगच्या खोक्यांचं चालेल, फक्त खिळे काढून घ्या. शिकवायला माणूस? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. तो नेमा, आणि नेमताना कागदाबरोबर त्याचा हातही बघा. माझगावात मिस्त्री कमी नाहीत. ज्या दिवशी तो मिस्त्री शाळेत 'सर' म्हणून येईल, त्या दिवशी त्याच्या पोराला बापाचं हत्यार लपवावंसं वाटणार नाही.

पहिल्या वर्षी मुलं काय बनवतील? कुणी गणपतीसाठी पाट करील, कुणी कुराणासाठी रेहाल, कुणी नाताळचा गोठा. एकाच बाकावर. हेच तर माझगाव आहे.

आता तुमचं काम. ज्यांची मुलं महापालिका किंवा अनुदानित शाळेत आहेत, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न लेखी द्या: दप्तराविना दहा दिवसांत आमची मुलं कुठे गेली? कार्यशिक्षणाचा निदेशक कुठे आहे? उत्तर लेखी मागा. आलं तर इथे कमेंटमध्ये टाका, नाही आलं तर तेही टाका. आणि मतं मागायला जो कुणी दारात येईल, त्याला पत्रकाऐवजी एक करवत मागा.